कागदावरची मालकीण

मैत्रिणींनो, तुमच्या घराच्या दारावर कुणाच्या नावाची पाटी आहे, हे मी विचारत नाही. ते मला ठाऊक आहे! पण घरात एखादा छोटा धंदा असेल, पिठाची गिरणी म्हणा, मसाला कांडप म्हणा, पापड-चकलीचा उद्योग, डब्यांचे स्वयंपाकघर, नाहीतर मागच्या अंगणात टाकलेले लहानसे वर्कशॉप, तर त्याच्या कागदांवर कुणाचे नाव आहे ते आज दुपारी कपाट उघडून एकदा बघा. पुष्कळ घरांत तिथे तुमचेच नाव निघेल. नवरा नोकरीत असतो, त्याला धंदा करता येत नाही. किंवा बँकेत कुणीतरी सांगितलेले असते की बाईच्या नावावर कर्ज लवकर मिळते. मग एक दिवस जेवणाआधी आपल्यापुढे कागदांचा गठ्ठा येतो. जिथे पेन्सिलीने फुली मारलेली असते तिथे आपण सही करतो आणि पोळ्या लाटायला उठतो.

मीही अशाच फुल्यांवर सह्या केल्या होत्या. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी सासऱ्यांची पिठाची गिरणी होती, पुढे तिला मसाला कांडपाची जोड मिळाली. सासरे गेले तेव्हा हे सरकारी नोकरीत, त्यामुळे सगळे परवाने माझ्या नावावर झाले. मी आठवड्यातले तीन दिवस शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. बाकी घर, मुले, सासूबाई. गिरणी पाहायचे ते आमचे भाऊजी. मी संध्याकाळी गल्ला मोजायची, एवढाच माझा मालकीणपणा. कामावर चार माणसे होती. त्यांतल्या मसाल्याच्या बाई म्हणजे आक्का. वयाने माझ्याएवढ्याच, पस्तिशीच्या, पण सगळे गाव त्यांना आक्का म्हणते म्हणून मीही म्हणते.

एप्रिल २०२२ ची गोष्ट. तुम्हाला सांगायला नको, एप्रिल म्हणजे वर्षाच्या तिखटाचे दिवस. गिरणीच्या दारात पिशव्यांची रांग, हवेत खाट, जो तो शिंकतोय. सकाळी मी डबा द्यायला गेले तेव्हा मशीनच्या पट्ट्यावरची लोखंडी जाळी काढून भिंतीला टेकवून ठेवलेली दिसली. पट्टा सैल झाला होता, तो ताणण्यासाठी आदल्या दिवशी काढलेली. परत बसवायला चार बोल्ट आणि दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे गर्दीत कुणाला मिळाली नव्हती. मी पाहिली, मनात आले की सांगावे, आणि रांगेतल्या बायकांकडे बघून गप्प बसले. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचे सगळे त्यातून झाले.

अकराच्या सुमारास आक्का खाली पडलेले माप उचलायला वाकल्या. पदराचे टोक पट्ट्याकडे ओढले गेले. बाईमाणसाचा हात आधी पदराकडे जातो, तसा त्यांचा गेला. पदर सुटला, पण उजव्या हाताची तर्जनी पट्टा आणि पुलीच्या मध्ये सापडली.

मला बोलावणे आले तेव्हा मी धावत गेले ती हळदीचा डबा घेऊन! जखमेवर मूठभर हळद मीच दाबली. पुढे डॉक्टरांनी ती धुऊन काढताना मला जे ऐकवले ते मी कधी विसरणार नाही. तुम्हीही लक्षात ठेवा. अशा जखमेवर हळद, चहाची पूड, कॉफी काही टाकायचे नाही. स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचे आणि हात छातीच्या वर उचलून ठेवायचा. सूज येण्याआधी त्या हातातल्या बांगड्या आणि अंगठी काढायची. बोटाचा तुकडा तुटून पडला असेल तर तो ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड बंद करायचे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. तुकडा नुसता बर्फावर किंवा थेट पाण्यात ठेवायचा नाही. मोठ्या शहरातले शल्यविशारद काही तासांच्या आत असे बोट जोडू शकतात. आक्कांच्या बोटाची दोन पेरे पार चेंगरली होती, ती जोडण्यासारखी नव्हतीच.

रिक्षात त्या एवढेच म्हणाल्या, "वहिनी, बोट गेलं का वो माजं?" मी काय सांगणार?

आता या लेखातला सगळ्यात अवघड भाग. इस्पितळाच्या खिडकीपाशी विचारले, काय झाले? भाऊजी पटकन म्हणाले, "घरी दाराच्या बिजागरीत सापडलं." आणि तसे लिहिले गेले. आक्कांनी माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले.

भाऊजी काही दुष्ट नाहीत हो. त्यांना पोलीस दिसले, कोर्ट दिसले, गिरणीला लागलेले कुलूप दिसले. आपल्याकडे लहान धंद्यात अपघात झाला की तोंडातून पहिले वाक्य हेच निघते. तासाभराने ड्रेसिंग संपले तेव्हा मी एकटी परत गेले आणि डॉक्टरांना म्हटले, ते चुकीचे लिहिले गेले आहे, मशीनच्या पट्ट्यात बोट गेले, गिरणी माझ्या नावावर आहे. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिले, केसपेपरवर दुरुस्ती केली, खाली सही केली, वेळ लिहिली. पोलीस येऊन जबाब घेऊन गेले. त्याची भीती वाटली होती त्यामानाने काहीच झाले नाही.

ही दुरुस्ती केली नसती तर? पुढे वकिलांनी सांगितले तेव्हा अंगावर काटा आला. "घरी दारात सापडले" एवढ्या चार शब्दांनी आक्कांचा भरपाईचा हक्क बुडाला असता. आणि विमा असता तर विमा कंपनीनेही तोच कागद पुढे करून मला दारातून परत पाठवले असते. म्हणजे मालकाच्या भल्यासाठी म्हणून बोललेले खोटे मालकालाच नडते.

शंभराचा स्टॅम्प

त्या रात्री आमच्या ओट्यावर सल्लागारांची सभाच भरली. शेजारचे काका, ह्यांचे मित्र, भाऊजी. सगळ्यांचे मत एक: पंचवीस हजार द्या, शंभराच्या स्टॅम्पपेपरवर "माझी काही तक्रार नाही" असे लिहून सही घ्या, विषय संपवा. "आणि मुळात चूक तिचीच. चालत्या पट्ट्यापाशी वाकायचं कशाला?" सासूबाई एवढा वेळ माळ ओढत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "जाळी कुणी काढली होती?" मग सभा बरखास्त झाली.

माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील वकील आहेत. दुसऱ्या दिवशी मी आणि हे त्यांच्याकडे गेलो. त्यांनी समजावले ते तुम्हाला माझ्या भाषेत सांगते.

हा कायदा १९२३ चा, १ जुलै १९२४ पासून लागू झालेला. गंमत म्हणजे जवळजवळ ऐंशीहून जास्त वर्षे त्याच्या इंग्रजी नावात "वर्कमन" होता, जणू बाईमाणूस कामावर नसतेच! २००९ च्या दुरुस्तीने तिथे "एम्प्लॉयी" आला आणि जानेवारी २०१० पासून तो कर्मचारी नुकसानभरपाई कायदा झाला. त्याचा गाभा असा की कामामुळे आणि काम करताना अपघात होऊन माणूस जखमी झाला तर भरपाई मालकाने द्यायची. मालकाची चूक होती की नव्हती हा प्रश्नच नाही. कामगाराचा थोडा निष्काळजीपणा असला तरी भरपाई सुटत नाही. मालकाला सुटका आहे ती अगदी थोड्या ठिकाणी: कामगार दारू प्यायलेला असेल, सुरक्षेचा स्पष्ट हुकूम त्याने जाणूनबुजून मोडला असेल, किंवा सुरक्षेचे साधन स्वतः मुद्दाम काढून टाकले असेल. आणि त्यातही माणूस दगावला किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला तर ही सबबसुद्धा चालत नाही. आमची जाळी तर आक्कांनी काढलेली नव्हतीच.

"पण आमच्याकडे चारच माणसं आहेत," हे म्हणाले. मलाही वाटले होते की हे कायदे साखर कारखान्यांना, मोठ्या गिरण्यांना. तसे नाही बरे का. विजेवर चालणारे यंत्र लावून माल तयार होत असेल तर एक माणूस कामावर असला तरी भरपाई लागते. आपली गिरणी, आपले कांडप, विजेवरचे पापडाचे मशीन, सगळे त्यात आले.

दहा माणसांचा आकडा आहे तो वेगळ्या गोष्टीसाठी. दहा किंवा अधिक माणसे असली की राज्य विमा योजना, म्हणजे आपण ई.एस.आय. म्हणतो ती, लागू होते. जुलै २०१९ मध्ये तिची वर्गणी कमी होऊन मालकाची पगाराच्या सव्वातीन टक्के आणि कामगाराची पाऊण टक्का झाली. तिथे अपघाताचे पैसे आणि औषधपाणी योजना बघते, मालकाच्या डोक्यावर भरपाई राहत नाही. दहाच्या आत असलेल्या आपल्यासारख्यांचे मात्र सगळे ओझे आपल्याच डोक्यावर. लहान धंद्याला कायदा लागत नाही ही समजूत बरोबर उलटी आहे!

आणि तो स्टॅम्पपेपर? वकील हसले. आपला हक्क सोडून देण्याचा करार कामगाराने केला तरी तो कायद्याने रद्दच. शिवाय बाईच्या बाबतीत कायद्याने आणखी एक गाठ मारलेली होती: बाईला द्यायची एकरकमी भरपाई मालकाने परस्पर तिच्या हातात द्यायचीच नाही. ती आयुक्तांकडे भरायची. परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरलेच जात नाहीत. म्हणजे ते पंचवीस हजारही गेले असते आणि खरी रक्कम पुन्हा भरावी लागली असती.

मला आधी त्याचा रागच आला. बाईला काय पैसे मोजता येत नाहीत? पण दोन दिवसांनी आक्कांचा नवरा आमच्या दारात उभा राहिला. "जे काय द्यायचं ते माझ्या हातात द्या, तिला कशाला कोर्टाच्या पायऱ्या?" त्याच्या तोंडाला वास येत होता. तेव्हा कळले, शंभर वर्षांपूर्वी ते कलम लिहिणाऱ्याच्या दारातही कुणीतरी असाच उभा राहिला असावा.

दोन पेरांचा हिशेब

आता आकडे. कंटाळू नका, तिसरीच्या गणितापेक्षा अवघड नाहीत.

कायद्याला एक कोष्टक जोडलेले आहे, त्यात शरीराच्या प्रत्येक भागाची किंमत टक्क्यांत लिहिली आहे. वाचताना मला कसेसेच झाले. अंगठा गेला तर ३० टक्के. एका हाताची चारही बोटे गेली तर ५०. अख्खी तर्जनी १४, तिची दोन पेरे ११, एक पेर ९. मधले बोट अख्खे गेले तर १२. हात डावा की उजवा याचा फरक नाही. भाकरी कुठल्या हाताने थापायची, हे विचारायला कोष्टकात जागा नाही.

दुसरे कोष्टक वयाचे. वय जितके कमी तितका आकडा मोठा, कारण पुढे कमवायची वर्षे जास्त. पस्तिसाव्या वर्षी १९७.०६, चाळिसाव्या वर्षी १८४.१७, पन्नासाव्या वर्षी १५३.०९. महिन्याच्या पगाराचे ६० टक्के घ्यायचे, त्याला या आकड्याने गुणायचे, की पूर्ण अपंगत्वाची रक्कम निघते. त्यातले आपल्या दुखापतीचे टक्के द्यायचे. पगार कितीही असला तरी हिशेबाला जानेवारी २०२० पासून जास्तीत जास्त १५ हजार धरत, त्याआधी ८ हजारच धरत.

आक्कांचा पगार १२ हजार. त्याचे ६० टक्के ७,२००. गुणिले १९७.०६, झाले १४,१८,८३२. त्याचे ११ टक्के म्हणजे १,५६,०७१ रुपये आणि वर काही पैसे.

माणूस दगावला तर ५० टक्क्यांनी हिशेब. बारा हजार पगाराचा चाळीस वर्षांचा माणूस गेला तर ११,०५,०२० रुपये. आमच्या मशीनवरचा माणूस चाळिशीचाच आहे. हा आकडा ऐकल्यावर घरी येईपर्यंत आम्ही दोघे एकमेकांशी बोललो नाही.

याशिवाय औषधपाण्याचा प्रत्यक्ष झालेला सगळा खर्च मालकाचा. आणि माणूस घरी बसून असेल तोवर दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराचे २५ टक्के, म्हणजे महिन्याला निम्मा पगार. तीन दिवसांत बरी होणारी किरकोळ दुखापत यात येत नाही. पण २८ दिवस किंवा अधिक खाडे झाले तर पहिल्या दिवसापासून मोजतात. आम्ही आक्कांना पूर्ण पगार दिला. तो काही उपकार नव्हे. निम्म्या पगारात त्यांच्या दोन मुलांचे कसे भागले असते, ते मला घरखर्चाच्या वहीमुळे चांगले ठाऊक आहे.

रक्कम देय झाल्यापासून महिन्याच्या आत भरली नाही तर वर १२ टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड. म्हणून "बघू, सवडीने देऊ" हा आपला नेहमीचा मंत्र इथे चालत नाही.

तुम्ही म्हणाल, विमा नव्हता का? होता की! इमारतीचा होता, मशीनचा होता, साठवलेल्या मालाचा होता. बँकेनेच कर्ज देताना उतरवायला लावला होता. मिरचीच्या पोत्याचा विमा होता, मिरची निवडणाऱ्या बाईचा नव्हता.

पैसे कुठून आले ते सांगते. काही बचत होती ती इस्पितळात गेली. बाकीसाठी माझ्या पाटल्या सोनेतारणावर ठेवल्या. कागदावर मालकीण मी, तेव्हा पाटल्याही माझ्याच, नाही का? हे दोन दिवस अबोल होते. जुलैमध्ये आम्ही रक्कम भरली. आमच्याकडे कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच आयुक्तांचे काम पाहत. त्यांनी आक्कांना चार प्रश्न विचारले, लाख रुपये त्यांच्या एकटीच्या नावाने बँकेत ठेवीत ठेवायला सांगितले आणि उरलेले त्यांच्या खात्यात दिले. पायऱ्या उतरताना आक्का म्हणाल्या, "माज्या नावावर येवढं पैसं पयल्यांदाच." मला हसावे की रडावे कळेना.

पॉलिसी घेताना

त्यानंतर महिनाभरात मी पॉलिसी घेतली. एजंट लोक अजूनही तिला जुन्या नावाने "डब्ल्यू. सी." म्हणतात, तुम्हीही तसेच विचारा, लगेच कळते. हप्ता ठरतो तो वर्षभराच्या एकूण पगारावर आणि कामात धोका किती यावर. आमच्या पाच माणसांचा (आता एक मुलगा वाढला आहे) वर्षाचा हप्ता म्हणाल तर एका बऱ्यापैकी साडीएवढा. एवढ्यासाठी माझ्या पाटल्या वर्षभर परक्या तिजोरीत पडल्या.

पण नुसता हप्ता भरून निर्धास्त होऊ नका. एजंटने आणलेला पहिला अर्ज मी वाचला, तर त्यात कामाचे स्वरूप "किराणा दुकान" लिहिलेले! म्हणे हप्ता कमी बसतो. अहो, पण पट्ट्यात बोट गेल्यावर किराणा दुकानात पट्टा कुठून आला असे कंपनी विचारणारच. मी तो अर्ज परत केला आणि "विजेवर चालणारी पिठाची गिरणी व मसाला कांडप" असे स्वतःच्या अक्षरात लिहिले. पगारही खरा लिहायचा. कमी दाखवला तर पैसेही त्या प्रमाणात कमी मिळतात आणि फरक आपल्या खिशातून जातो. उन्हाळ्यात दोन महिन्यांसाठी मिरची निवडायला येणाऱ्या बायका धरल्या आहेत का ते पाहा. आम्हीसुद्धा त्यांना "काय, दोनच महिने तर येतात" म्हणून विसरत होतो. ठेकेदाराने आणलेली माणसे आपल्याच धंद्याच्या कामावर असतील तर त्यांचीही जबाबदारी आधी आपल्यावर येऊ शकते, म्हणून तेही विचारा.

औषधपाण्याचा खर्च या पॉलिसीत आपोआप असेलच असे धरू नका. तो जादा हप्ता भरून घ्यावा लागतो, आणि किती रकमेपर्यंत ते लिहून घ्यावे. पैसे भरायला उशीर केल्याचा दंड विमा कंपनी भरत नाही. अपघात झाला की त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवायचे. फोनवर सांगितले होते, असे म्हणून काही उपयोग नाही.

पगाराची वही ठेवता ना? मी ठेवत नव्हते. आक्कांचा पगार बारा हजार हे आम्ही दोघींनी मान्य केले म्हणून भांडण झाले नाही, एरवी ते सिद्ध कशाने करायचे? आता दोनशे पानी वहीत दर महिन्याला नाव, दिवस, रक्कम आणि सही. शेवटच्या पानांवर किरकोळ दुखापतींची नोंद, अगदी चटका बसला तरी तारीख, वेळ, कोण हजर होते ते. मोबाइलवर फोटोही काढून ठेवते.

आणखी एक. २०१७ च्या दुरुस्तीने मालकावर असे बंधन घातले की कामावर घेतानाच माणसाला त्याच्या भरपाईच्या हक्काबद्दल त्याला समजणाऱ्या भाषेत लेखी सांगायचे. न सांगितल्यास दंड ५० हजार ते १ लाख ठेवला होता. आक्कांना मी असा कागद कधीच दिला नव्हता. आता मराठीत एक पान लिहून सगळ्यांना दिले आहे. शिकवण्याची सवय असल्याने दोनदा वाचूनही घेतले!

२१ नोव्हेंबर २०२५ पासून हा जुना कायदा आणि ई.एस.आय.चा कायदा, दोन्ही सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले गेले. त्यामुळे कागदावर कायद्याचे नाव बदललेले दिसेल, आयुक्तांच्या ठिकाणी "सक्षम प्राधिकारी" असा शब्द दिसेल. घाबरू नका. मालकाची जबाबदारी, ५० आणि ६० टक्क्यांचा हिशेब हे सूत्र संहितेतही ठेवले आहे. एक महत्त्वाची भर पडली आहे: घरून कामावर येताना किंवा कामावरून घरी जाताना झालेला अपघातही, त्याचा कामाशी संबंध दिसला तर, कामावरचाच धरला जातो. नूतनीकरणाच्या वेळी एजंटला विचारा की पॉलिसी नव्या संहितेप्रमाणे आहे का आणि येण्याजाण्याचा प्रवास धरला आहे का. उत्तर लेखी घ्या.

आता तुमच्या मनात आलेला प्रश्न. घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईचे काय? जुन्या कायद्याच्या कामांच्या यादीत गाडीचा ड्रायव्हर होता, मोलकरीण नव्हती. मला विचाराल तर हे बरोबर नव्हे. पंख्याची पाती पुसायला स्टुलावर तीच चढते. तिच्यासाठी आपण एवढे तरी करू शकतो: बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा अर्ज भरून द्यायचा. जून २०२२ पासून वर्षाला २० रुपये, तिच्या खात्यातून जातात, ते आपण द्यायचे. अठरा ते सत्तर वय चालते. अपघाती मृत्यूला २ लाख, एक डोळा, एक हात किंवा एक पाय कायमचा गेला तर १ लाख. बोटाला त्यात काही नाही, म्हणून स्टूल आधी डगमगत नाही ना ते पाहा.

आक्का त्या वर्षी दिवाळीच्या आधी कामावर परत आल्या. मशीनपाशी त्या जात नाहीत, मीही पाठवत नाही. वजनकाटा आणि हिशेब त्यांच्याकडे आहे. पेन धरायला त्या मधले बोट आणि अंगठा वापरतात. अक्षर सुरुवातीला कोंबडीचे पाय होते, आता माझ्या सातवीच्या वर्गापेक्षा बरे आहे. साडीवर अंगभर सुती कोट घालायचा, पदर आत, वेणीचा अंबाडा, हातात काचेची बांगडी नाही, हा नियम त्यांनीच केला. नवी मुलगी ओढणी घेऊन आली की आक्का तिला आत पाऊलही टाकू देत नाहीत. भाऊजींनी जाळीला बिजागरी बसवून घेतली, म्हणजे पट्टा ताणायला ती काढून ठेवावी लागत नाही, नुसती उघडते. आणि ती उघडी असेपर्यंत मशीन सुरू होत नाही, असे बटण इलेक्ट्रिशियनने लावून दिले. सगळा खर्च चार हजारांच्या आत.

परवा सकाळी गेले तर मशीन बंद, दारात सात-आठ पिशव्या आणि बायका कुरकुरत उभ्या. आक्का कमरेवर हात ठेवून जाळीपाशी. म्हणे एक बोल्ट ढिला आहे, नवा आणल्याशिवाय बटण दाबायचे नाही. भाऊजी सायकल घेऊन हार्डवेअरच्या दुकानात गेले होते. मी पिशव्यांवर नावांच्या चिठ्ठ्या लावत बसले.